धुराची खिडकी

"खिडकी धूरकरता व्हती, वैनी. धूर गया. आते खिडकी कसाले?" बन्सीलाल तिसऱ्यांदा तेच म्हणाला. तिसऱ्यांदा म्हटलं की समोरच्याला पटतं, असा त्याचा मिरचीच्या बाजारातला अनुभव होता.

"राहू दे ना पण. तुन्हं काय खास ती?" दगूबाई म्हणाली.

"मन्हं नही खात. पण नवी सून येई ना आठे!" आता बन्सीलालची बायको प्रमिलाबाई पुढे सरसावली. "तिन्हा डोकावर सकाळ-सांज ते तालीमना लंगोटवाला गडी हूं-हूं करतीन. तिन्हं माहेर काय म्हणी?"

"मी इतला वरीस आठे निजनू. माले एक लंगोट दिखना नही. खिडकी कितली वर शे, देख तरी! सूनबाईले शिडी लाईसन चढनं पडी."

बन्सीलालला हसू आलं, ते त्याने मिशीत दाबलं. प्रमिलाबाईला आलं नाही. दारात उभा असलेला त्यांचा मुलगा भाईदास मात्र मोकळेपणी हसला. सून येणार होती ती त्याच्यासाठी. प्रकाशा गावातल्या एका घरची मुलगी, कोकिळा नाव. भाईदासला धुळ्याहून मॅट्रिकपर्यंत शिकून आल्यापासून घरातल्या कुठल्याही भांडणात शेवटचा शब्द आपला असावा असं वाटू लागलं होतं.

"मोठी माय," तो म्हणाला, "ती खिडकी खोटी बोलस. धाकलपने तू माले सांगं व्हतं, गोष्टमानी राणी घोडावर बठीसन किल्लामातून निंघी गयी. धुळाले मी ते पुस्तक वाचं. ती मरस. किल्लामाच मरस. मास्तरनी इचारं आन् मी घोडा सांगा. सारा वर्ग हासना."

दगूबाई इतका वेळ शब्दाला शब्द देत होती. ती एकदम गप्प झाली. प्रमिलाबाईने त्या गप्प बसण्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. "झायं तर मंग," असं म्हणून ती पुढल्या घरात गेली, आणि बन्सीलाल तालमीकडे माणूस मागायला निघाला. भिंतीची दुसरी बाजू तालमीची. तिकडच्याच माणसाने खिडकी बुजवली तर पुढे कटकट नको, असा त्याचा हिशेब होता.

खोलीत दगूबाई एकटी उरली. तिने वर पाहिलं. आढ्याखाली दोन हात रुंद, एक हात उंच असं ते भोक. काजळीने काठ काळे झालेले. त्यातून आकाशसुद्धा दिसत नसे, तालमीच्या पत्र्याची कड तेवढी दिसे.

दगूबाई या घरात आली ती बन्सीलालच्या थोरल्या भावाची बायको म्हणून. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी प्लेगात नवरा गेला. माहेरी सावत्र आई होती, ती न्यायला आली नाही. सासूने "राहू दे, चुलीला हात हवेत" म्हटलं आणि तिचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यात ठरून गेलं. मागली खोली म्हणजे स्वयंपाकघर; दिवसा तिथे रांधायचं, रात्री चुलीची राख सारून तिथेच अंथरूण टाकायचं. कोणी तिला छळलं नाही. वर्षाला दोन लुगडी मिळत, ताटात तूप पडे. फक्त तिच्याशी कोणी बोलत नसे. बोलत म्हणजे, मीठ कमी आहे, पाहुणे चार आहेत, मिरचीच्या ढिगावर गोणपाट टाका, एवढं बोलत. मिरचीचा हंगाम आला की सगळं घर मिरची वाळवायच्या पथारीवर जाई. गावाबाहेर लाल मिरची वाळत घातलेली, देठ खुडणाऱ्या बायकांची रांग, तिथल्या गप्पा, शिंका, थट्टा. दगूबाई तेव्हाही घरी. पथारीवरच्या भाकरी न्यायला गडी येई.

भिंतीपलीकडे तालीम होती. तालमीत मारुती, आणि मारुती ब्रह्मचारी, म्हणून कुठल्याही बाईने त्या दाराकडे वळायचं नाही. पण बाईने ऐकायचं नाही असं कोणी सांगितलेलं नव्हतं, कारण बाई ऐकत असेल हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पहिली काही वर्षं नुसतेच आवाज होते. मग आवाजांना माणसं आली. जोर मारताना कोण दमतो, कोण चोरतो, कोण आकडे गिळून पुढे मोजतो, हे तिला कळू लागलं. वस्ताद नवलसिंगची शिवी कोणत्या पोरावर प्रेमाने पडते आणि कोणावर रागाने, तेही. दोन अंगं मातीत पडतात तेव्हा पाठ पूर्ण टेकली असेल तर आवाज सपाट येतो, बाकी वेळी तो घसटत येतो. सारंगखेड्याच्या जत्रेहून परतलेला बन्सीलाल ओसरीवर कुस्तीचं वर्णन करू लागला, की ती भाकरी थापता थापता कान तिकडे देई, आणि त्या भरात एखादी भाकरी करपे. जन्मात एकही कुस्ती न पाहिलेल्या बाईला कुस्तीचा एवढा नाद असावा, हे तिला स्वतःलाही थोडं लाजिरवाणं वाटे.

शनिवारी भजन होई. पेटी वाजवणारा एकजण एका ठरावीक जागी हमखास अडखळे. भाकरी हातात धरून ती त्या जागेची वाट पाही. अडखळला की तिला बरं वाटे. एका शनिवारी तो न अडखळता पुढे गेला. सगळ्यांनी वाहवा केली. दगूबाईला मात्र वाटलं, चला, याचंही आपल्यावाचून जमायला लागलं. पुढे तो भुसावळला नोकरीला लागला, पेटी थांबली.

पण खरी गोष्ट होती वाचनाची. तालमीत पोरांची अंगं तयार होतात, डोकी तशीच राहतात, असं कोणीतरी वस्तादला सुनावलं होतं. तेव्हापासून दिवेलागणीला आखाड्याच्या कडेवर बसून एकजण वाचू लागला. आधी वर्तमानपत्र, मग पुस्तक. त्याचा आवाज मोठा नव्हता. जरा घोगरा, खालच्या पट्टीतला, मध्ये कधीतरी खोकला. पण तो वाचू लागला की शिवराळ पोरंसुद्धा गप्प होत. मंडालेहून सुटून आलेले टिळक त्या आवाजात बोलले. मिठाच्या साली गांधीबाबा त्याच आवाजात समुद्राकडे चालले. राजे, प्रधान, फितूर किल्लेदार, वनवासातल्या बायका, सगळ्यांचा आवाज तो एकच. एकदा एक मोठे पुढारी आगगाडीने जाणार होते, गाडी थांबणार होती, म्हणून घरच्या बायकांना स्टेशनवर नेलं. दगूबाईलाही नेलं. गर्दीत पुढाऱ्यांचा चेहरा दिसला नाही, आवाज आला. बारीक, दमलेला, हिंदीतला. घरी आल्यावर प्रमिलाबाईने विचारलं, "काय जिजी, कसं वाटनं?"

"माणूस मोठा शे," दगूबाई म्हणाली. "पण आवाज त्यान्हा नही."

प्रमिलाबाईने ही गोष्ट सांगून पुढे वर्षभर पाहुण्यांना हसवलं.

तो वाचणारा कोण, हे तिने कधी विचारलं नाही. एका विधवेने परक्या पुरुषाचं नाव विचारायचं म्हणजे काय, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. भाईदास लहानपणी थोडे दिवस तालमीत जाई, तेव्हा एकदा तिने नुसतं, "आज काय वाचं रे?" इतकंच विचारून पाहिलं होतं. "पुस्तक," पोर म्हणालं होतं, आणि खेळायला पळालं होतं.

तो आवाज तिच्याशी एकदाच बोलला. बऱ्याच वर्षांपूर्वी. कादंबरीतल्या किल्ल्याला वेढा पडला होता, राणी बुरुजावर होती, आणि इकडे पाहुण्यांमुळे दगूबाईचा स्वयंपाक लांबला होता. तिने तेलात लाल मिरच्या टाकल्या, त्या तडतडल्या आणि जळजळीत धूर सगळाच्या सगळा खिडकीतून पलीकडे गेला. तिकडे आधी एकजण खोकला, मग सगळी तालीम. वाचन थांबलं. आणि खिडकीतून हाक आली:

"ओ माय! जराशी थांब वं! राणी मरी ऱ्हायनी!"

तालीम खदखदून हसली. दगूबाईने कढई जमिनीवर उतरवली. हात पदराला पुसत ती भिंतीला टेकून बसली. पलीकडे हसू ओसरलं, आवाज पुन्हा सुरू झाला, आणि राणी मेली. हळूहळू, दोन-तीन पानं लागली तिला. अध्याय संपेपर्यंत दगूबाई हलली नाही. त्या दिवशी वरणाला फोडणीच पडली नाही आणि सासऱ्याने पाहुण्यांदेखत ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने फोडणी दिवे लागायच्या आधीच द्यायला सुरुवात केली. धूर निवला की पलीकडे वाचन सुरू होई. ती अंधारात चुलीजवळ बसून राही. पण ते सुख थोडकंच. बाप्ये घरी आले की "वाढा" म्हणून हाळी येई आणि तिला उठावं लागे. म्हणून पुस्तकं तिला अर्धी अर्धीच मिळाली. अमक्याचा सूड घेतला की नाही, तमकीला नवरा ओळखतो की नाही, हे सगळं ती भांडी घासताना स्वतः ठरवी. भाईदास लहान असताना तिच्याजवळ निजे, त्याला ती या गोष्टी सांगे, आपण ठरवलेल्या शेवटासकट. पोराला वाटे, मोठ्या मायला सगळं माहीत आहे.

एकच शेवट तिने नीट, पहिल्यापासून अखेरपर्यंत ऐकलेला होता. आणि तोच तिने बदलून सांगितला होता. चार वर्षांचं पोर कुशीत, त्याचे डोळे लुकलुकताहेत, "मंग राणीनं काय व्हयनं?" विचारतंय. तिला "मेली" म्हणवेना. तिने घोडा आणला. पुढे त्या घोड्यावर बसून राणी इतक्या वेळा निघून गेली, की कधीकधी तिचं तिलाच खरं वाटे.

आज भाईदास दारात उभा राहून हसला तेव्हा तिला हे सांगता आलं असतं. पण ते सांगून ती खिडकी वाचणार नव्हती. शिवाय भाईदासच्या मिशा आता बापासारख्या वळल्या होत्या. मिशावाल्या माणसाला त्याच्या कुशीतल्या दिवसांची गोष्ट काय सांगायची?

खरं दुःख वेगळंच होतं, आणि ते भांडणात मांडताही येत नव्हतं. खिडकीतून आता काही येतच नव्हतं. गेल्या दिवाळीला बन्सीलालने पुढे नवं स्वयंपाकघर बांधलं. उंच ओटा, धुराला नळकांडं, कप्प्याकप्प्यांची भिंत. येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रमिलाबाई ते नळकांडं बोट दाखवून दाखवी. चूल पुढे गेली, दगूबाईचं अंथरूण मागेच राहिलं. त्याच सुमारास लढाईच्या बातम्या ऐकायला कोणा व्यापाऱ्याने तालमीला रेडिओ दिला. दिवेलागणीला दगूबाई आता पुढल्या घरात असे. काम उरकून ती मागे येई तेव्हा भिंतीपलीकडे खरखर आणि कोणीतरी साहेबी घाईत बोललेलं, इतकंच. तो घोगरा आवाज नाही. पहिले काही दिवस तिला वाटलं, आजारी असेल. मग वाटलं, गावाला गेला असेल. मग तिने वाटून घेणं बंद केलं. माणूस गेला म्हणावं, तर त्याच्यासाठी रडायला नातं लागतं. तिच्यापाशी नाव पण नव्हतं.

तरी ती रोज त्या भोकाखालीच पाठ टेकून बसे.

दुपार कलताना बन्सीलाल परत आला. मागे पाटी आणि थापी घेतलेला एक माणूस. ठेंगणा, वाकलेला, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला, तोंडावर देवीचे वण.

"हाऊ उखा," बन्सीलाल म्हणाला. "पूर्वी कुस्ती खेळे. खांदा निसटना, तठपाईन तालमीतच ऱ्हास. माती-चुनानं कामबी करस."

दगूबाईने पदर कपाळाखाली ओढला आणि कोपऱ्यातल्या कोठीला लागून उभी राहिली. प्रमिलाबाई दाराशी कमरेवर हात ठेवून. भाईदासने शिडी आणली. उखा चार पायऱ्या चढला, भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं, काळं झालेलं बोट पाहिलं, खोकला, आणि खाली न बघताच विचारलं:

"ईटा बठाडू का नुसता कूड घालू, शेठ?"

दगूबाईचा हात कोठीच्या झाकणावर होता. तो तिथेच राहिला.

पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते असं की हा फार लहान आहे. टिळक या छातीत मावत नाहीत. राणी तर नाहीच. स्टेशनवर जसं वाटलं होतं तसंच वाटलं, फक्त उलटं. तिथे माणूस होता आणि आवाज नव्हता. इथे आवाज होता, सगळाच्या सगळा, अगदी खोकल्यासकट, आणि खाली हे दोन फाटके पाय शिडीवर.

"ईटाच बठाड," बन्सीलाल म्हणाला.

उखाने भोकातून पलीकडे डोकावून पाहिलं. तिकडचा आखाडा त्याला ओळखीचा होता, पण या बाजूने तो त्याने कधी पाहिला नव्हता. शिडीवर तसाच थांबून तो म्हणाला, "म्हणजे हाई ती खिडकी का!"

"कोणती?" भाईदासने विचारलं.

"आठे एक माय फोडणी देये. रोज सांजले. ती फोडणी पडनी, आम्ही खोकली लेवूत, मंग मी दिवा मोठा करू आन् पुस्तक उघाडू. त्यान्हा पहिले वस्ताद वाचूच देये ना. म्हणे, 'थांब, मायनं होऊ दे.' एखाद दिन उशीर व्हयना तर पोरे म्हणेत, माय आज बिमार दिखस." तो हसला, मग हसणं आवरलं. "दिवाळीपाईन फोडणी बंद व्हयनी. आम्ही समजनूत, माय गयी. वस्तादनी मारुतीम्होरे तिन्हा नावनं नारळ फोडं. नाव कोणले माहीत? नुसतं 'फोडणीवाली माय' म्हणं."

प्रमिलाबाईला राहवेना.

"अरे गयी कोठे! हाई काय उभी शे, डोकावर पदर लीसन!"

उखाने मान वळवली. कोठीजवळची बाई पाहिली आणि तो इतका गडबडला की थापी हातातून निसटून खाली पडली. ती उचलायला खाली उतरावं की वरच थांबावं, हे त्याला ठरवता येईना. तो शिडीवरच हात जोडून उभा राहिला. तोल जाईल म्हणून एक हात पुन्हा शिडीला धरला.

"माफी करजा माय," तो म्हणाला. "जित्या माणूसनं नारळ फोडं आम्ही."

भाईदास फिस्सकन हसला. दगूबाईने पदराआडून विचारलं, आणि तिचा आवाज एवढा साधा होता की बन्सीलालला त्यात काही वावगं वाटायला वेळच मिळाला नाही.

"आते वाचतस नही का?"

"नही माय. आते डबा बोलस. पोरे त्यालेच ऐकतस, समजो का न समजो." त्याने शिडीची पायरी अंगठ्याने खरवडली. "दोन-चार दिन मी वाचं, डबा बंद व्हयना म्हणजे. पण पोरे घर चालना जायेत. आन् फोडणीबी नही. कधळ उघाडानं पुस्तक, तेच समजे ना. मंग ऱ्हायनं."

"कोणतं व्हतं?"

"अर्धंच ऱ्हायनं ते," उखा म्हणाला. "मालेबी त्यान्हा शेवट माहीत नही."

दगूबाईने कोठीच्या झाकणावरून हात काढला. पुढे होऊन तिने खाली पडलेली थापी उचलली, पदराला पुसली आणि पाटीत ठेवली. मग ती खोलीच्या त्या कोपऱ्यात गेली जिथे पूर्वी चूल होती. तिथल्या जमिनीवर अजून काळं वर्तुळ होतं. कितीही सारवलं तरी दोन दिवसांनी ते वर येई. त्या वर्तुळावर भाईदासच्या लग्नासाठी आणलेल्या नव्या पलंगाचे सुटे पाय उभे करून ठेवले होते. तिने ते एकेक उचलून भिंतीशी नेले.

"हाई काय करी ऱ्हायनी जिजी?" प्रमिलाबाई म्हणाली.

दगूबाईने चौथा पाय टेकवला आणि वळली. ती बन्सीलालकडे बघून बोलली, पण ऐकू सगळ्यांना जाईल असं.

"भाऊ, धूर नही म्हणून खिडकी नको, असंच ना? मंग धूर व्हई. चूल परत आठे मांडसू. भाईदासले आन् सूनले पुढली खोली द्या. आज सांजनी फोडणी आठेच पडी, आन् पलीकडनं पुस्तक मिटल्याबगर मी कोणलेच वाढावू नही."